हिमात चालणारी मळसूत्राची गाडी : घरी बांधायची तर हिशेब कसा करायचा?

आज आपण अशा एका गाडीबद्दल बोलणार आहोत, जिला चाकं नाहीत आणि रणगाड्यासारखे साखळी-पट्टेही नाहीत. गाडीच्या खाली, तिच्या लांबीच्या दिशेने, दोन मोठी नळकांडी आडवी बसवलेली असतात. त्यांच्यावर स्क्रूसारखे आटे असतात. नळकांडी फिरली की गाडी पुढे सरकते. रशियन भाषेत हिला 'श्नेकोखोद' म्हणतात. त्यातला 'श्नेक' हा शब्द जर्मनमधून आलेला आहे, आणि जर्मनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ होतो गोगलगाय. शंखाचं वेटोळं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे नाव का पडलं ते कळेल. गाडीचा वेग पाहिला तरी नाव बरोबरच वाटेल!

रशियात, कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात हौशी मंडळी आजही अशा गाड्या आपल्या शेडमध्ये बांधतात. त्या बांधताना कोणते निर्णय घ्यावे लागतात, ते आपण पाहणार आहोत.

त्याआधी एका शब्दाचा घोटाळा मिटवू या. मराठीत आभाळातून पडणाऱ्या भुसभुशीत थरालाही आपण बर्फ म्हणतो आणि फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फच म्हणतो. आजच्या विषयात हे चालणार नाही. म्हणून पडून साचलेल्या थराला आपण 'हिम' म्हणू आणि गोठलेल्या पाण्याच्या टणक थराला 'बर्फ' म्हणू.

आता आजच्या व्याख्यानाचं सार एका वाक्यात. बोल्टला नट लागतो. या गाडीत बोल्ट आपण बांधतो आणि नट म्हणजे खालचं हिम. अर्धं यंत्र आपल्या हातात असतं, उरलेलं अर्धं जमिनीवर पडलेलं असतं. हे ज्याने लक्षात ठेवलं त्याची गाडी चालते.

गरज कुठून आली?

ज्या प्रदेशात वर्षातले चार-पाच महिने रस्ते हिमाखाली असतात, तिथे वाहन हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर नावाचं गाव आहे. तिथे जोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए नावाचे मेकॅनिक होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. हिमामुळे त्याला दवाखान्यात नेता आलं नाही आणि तो दगावला. बॉम्बार्डिए त्याआधीपासून हिमावरच्या गाड्यांचे प्रयोग करत होते. त्यानंतर त्यांनी ते तडीला नेले आणि १९३७ मध्ये दातेरी चाक व रबरी पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं. आजच्या स्नोमोबाईलचं मूळ तिथे आहे.

त्यांनी पट्ट्याचा मार्ग धरला. पण त्याच काळात दुसरा एक मार्गही आजमावला जात होता, तो म्हणजे मळसूत्राचा. कल्पना जुनीच. आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जाणारा पाणी उपसण्याचा स्क्रू आपण शाळेत शिकलेलो आहोत. तिथे स्क्रू एका जागी फिरतो आणि पाणी सरकतं. इथे उलट आहे : माध्यम जागच्या जागी राहतं आणि स्क्रू सरकतो.

१९२० च्या दशकात अमेरिकेत 'आर्मस्टेड स्नो मोटर' नावाने हे प्रत्यक्षात आलं. फोर्डसन ट्रॅक्टरची चाकं काढायची आणि त्या जागी आटे असलेली दोन नळकांडी बसवायची. त्याची जुनी फिल्म आजही पाहायला मिळते. हिमाच्या ढिगांतून तो ट्रॅक्टर शांतपणे वाट काढत जातो. दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाईक या इंग्रज माणसाने नॉर्वेच्या हिमासाठी अशीच मळसूत्राची गाडी सुचवली होती. त्या योजनेतून शेवटी जे वाहन बनलं, ते 'वीझल', मात्र पट्ट्यांवर चालणारं होतं.

मळसूत्र खऱ्या अर्थाने कामाला लावलं ते सोव्हिएत संघाने. मार्च १९६५ मध्ये 'व्होस्खोद-२' हे यान ठरलेल्या जागेपासून दूर, पेर्म भागातल्या घनदाट जंगलात उतरलं. आत बेल्यायेव्ह आणि लिओनोव्ह हे दोन अंतराळवीर होते. लिओनोव्ह म्हणजे नुकताच अंतराळात यानाबाहेर पडून आलेला पहिला माणूस. दाट झाडी आणि खोल हिम यांमुळे त्यांना दोन रात्री जंगलात काढाव्या लागल्या. शेवटी ते स्कीवरून हेलिकॉप्टरपर्यंत पोचले. पुढच्या काळात झिल कारखान्यात व्हिताली ग्राचेव्ह यांच्या हाताखाली शोध आणि सुटकेची खास वाहनं तयार झाली. त्यांतलं 'झिल-२९०६' हे मळसूत्रावर चालणारं छोटं वाहन. ते रस्त्याने स्वतः जात नसे. त्याला एका सहाचाकी ट्रकच्या पाठीवर चढवून नेत, आणि जिथे ट्रक हात टेकेल तिथे खाली उतरवत. हा तपशील ध्यानात ठेवा. एवढ्या मोठ्या कारखान्यालासुद्धा मळसूत्र रस्त्यावर चालवता आलं नाही.

नट किती घट्ट हवा?

आटे पुढे ढकलतात म्हणजे काय होतं? नळकांडं फिरतं तेव्हा आट्याची पट्टी हिमात चर कापत जाते आणि त्या चराच्या भिंतीला मागे रेटते. भिंतीने तो रेटा सहन केला की गाडी पुढे जाते. म्हणजे हिम कापता येईल इतकं मऊ हवं आणि रेटा पेलेल इतकं पक्कं हवं. दोन्ही एकाच वेळी.

ताजं, कोरडं हिम घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं. वाऱ्याने दाबलेलं हिम ३०० ते ४०० किलो भरतं, आणि बर्फ ९१७ किलो. नाव एकच असलं तरी ही तीन वेगळी माध्यमं आहेत. अगदी ताज्या हिमात चराची भिंत ढासळते. गाडी जागच्या जागी फिरत राहते आणि स्वतःला खाली गाडून घेते. टणक बर्फावर पट्टी आत शिरतच नाही. सगळं वजन पट्टीच्या धारेवर येतं, गाडी थरथरते आणि बाजूला घसरते. डांबरी रस्त्यावर तर पट्ट्याच झिजतात. मळसूत्राला मानवतं ते मधलं हिम : साचलेलं, थोडं बसलेलं.

हिमाचा आणखी एक गुण आहे. दाबलेल्या हिमाचे कण थोड्याच वेळात एकमेकांना चिकटून सांधले जातात. त्यामुळे गाडी गेल्यावर मागे राहिलेली वाट काही वेळाने कडक होते, आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा सोपी जाते. पण याच गुणामुळे उभी ठेवलेली गाडी रात्रीत हिमाला जखडून बसते. म्हणून थांबताना नळकांड्यांखाली फळ्या घालतात.

आकड्यांत बोलू या

एका माणसाची छोटी गाडी धरू. नळकांडं ४० सेंटिमीटर व्यासाचं, २ मीटर लांबीचं, अशी दोन. २ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं एक नळकांडं जवळपास ४० किलोचं होतं. आटे आणि टोकं धरून ६० किलो. दोन्हींचे १२०. इंजिन, सांगाडा आणि चालक मिळून १८०. म्हणजे एकूण ३०० किलो.

पहिला प्रश्न : गाडी किती रुतेल? नळकांडं १० सेंटिमीटर खाली गेलं, तर हिमाला टेकलेली रुंदी जवळपास ३५ सेंटिमीटर होते. दोन मीटर लांबी आणि दोन नळकांडी धरली की टेकलेलं क्षेत्र १.४ चौरस मीटरच्या आसपास येतं. ३०० किलो त्यावर पसरले की दर चौरस सेंटिमीटरवर फक्त २२ ग्रॅम भार येतो. बूट घालून उभ्या असलेल्या माणसाचा भार १९० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे जिथे माणूस मांडीपर्यंत रुततो, तिथे ही गाडी वरच्या थरात राहते.

दुसरा प्रश्न : तरंगेल का? एका नळकांड्याचं आकारमान २५० लिटर, दोघांचं ५०० लिटर. ३०० किलोची गाडी पाण्यात साठ टक्के बुडून तरंगेल. नळकांडी बंद आणि पाणबंद असतील तरच!

तिसरा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे पिचचा. एका फेऱ्यात आटा जितका पुढे जातो, त्या अंतराला पिच म्हणतात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याचा घेर १२६ सेंटिमीटर असतो. पिच ३० ठेवला तर एका फेऱ्यात गाडी फार तर ३० सेंटिमीटर पुढे जाईल, पण नळकांड्याची कातडी हिमावर सव्वा मीटर घासेल. चाक गडगडतं, मळसूत्र घासतं. हाच त्याचा मूळ दोष. पिच ६० केला तर तेवढ्याच घासण्यात दुप्पट अंतर कापलं जातं, पण फिरवायला जास्त जोर लागतो. सायकलच्या गिअरसारखंच आहे हे. आमच्या मते अशा गाडीला ६० सेंटिमीटरच्या आसपासचा पिच बरा. मात्र मग २ मीटरमध्ये एका पट्टीचे जेमतेम सव्वातीन वळसे बसतात आणि पकड तुटक होते. त्यावर उपाय म्हणजे दोन पट्ट्या समांतर गुंडाळायच्या. कारखान्यात याला डबल स्टार्ट आटे म्हणतात.

आता वेग. मिनिटाला १५० फेरे आणि ६० सेंटिमीटर पिच, म्हणजे मिनिटाला ९० मीटर, ताशी ५.४ किलोमीटर. त्यातला पाव भाग घसरण्यात गेला तर ताशी ४ किलोमीटर उरतात. माणसाच्या चालीइतका वेग. या वेगाला नुसत्या घासण्यातच अडीच अश्वशक्ती जाते, असा ढोबळ हिशेब येतो (घर्षणाचा गुणांक ०.२ धरून). समोरचं हिम बाजूला सारणं, चढ, गिअरमधली घट हे सगळं वेगळं. त्यामुळे दहा-पंधरा अश्वशक्तीचं इंजिन ही चैन नव्हे, गरज आहे.

आटे कसे बसवायचे?

पट्टी सरळ घेऊन नळकांड्याभोवती उभी गुंडाळायला गेलं तर ती मुरडते. कारण बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. म्हणून पत्र्यातून मोठ्या वॉशरसारख्या चकत्या कापतात, प्रत्येक चकतीला एका जागी छेद देतात आणि स्प्रिंगसारखी ओढतात.

इथे चकतीचं भोक नळकांड्याएवढं ठेवलं तर काम फसतं. एका वळशात आतली कड १२६ सेंटिमीटर घेर आणि ६० सेंटिमीटर पुढे अशी तिरकी जाते. ती लांबी १३९ सेंटिमीटर भरते. पट्टी ६ सेंटिमीटर उंच असेल तर बाहेरची कड १७४ भरते. या दोन लांबींवरून हिशेब केला की चकतीचं भोक ४८ सेंटिमीटर आणि बाहेरचा व्यास ६० सेंटिमीटर येतो. ओढल्यावर ती ४० च्या नळकांड्यावर नीट बसते. एक चकती एका वळशाला पुरून थोडी उरते. कापण्याआधी पुठ्ठ्याची एक चकती करून पाहावी. पत्रा वाया जाण्यापेक्षा पुठ्ठा गेलेला बरा.

एका नळकांड्याचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे असले पाहिजेत, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट फिरली पाहिजेत. मग दोन्हींचा बाजूला जाणारा रेटा एकमेकांना मारतो आणि पुढचा रेटा एकत्र होतो. दोन्ही एकाच दिशेने फिरवली, तर टणक जमिनीवर गाडी खेकड्यासारखी आडवी गडगडत जाते. पुढचं टोक भोवऱ्यासारखं निमुळतं असावं, म्हणजे नळकांडं हिमात घुसण्याऐवजी वर चढतं.

फिरवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला जुन्या मोटारीच्या मागच्या अ‍ॅक्सलचा. तो आडवा ठेवायचा आणि दोन्ही टोकांना काटकोनी गिअर एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे बसवायचे. त्यामुळे उलट फिरणं आपोआप मिळतं, आणि एका बाजूचा ब्रेक दाबला की गाडी वळते. दुसरा मार्ग हायड्रॉलिकचा : इंजिनावर पंप, प्रत्येक नळकांड्याला वेगळी मोटर, हाताशी दोन दांडे. हा महाग पडतो, पण वळणं सोपी जातात. कोणताही मार्ग घ्या, बेअरिंगकडे दुर्लक्ष करू नका. गाडीला पुढे नेणारा सगळा रेटा नळकांड्याच्या टोकाच्या बेअरिंगवर येतो. साधं बॉल बेअरिंग तिथे टिकत नाही. मोटारीच्या चाकाच्या हबमध्ये असतं तसं टेपर रोलर बेअरिंग लागतं.

जिवाशी खेळ नको

नळकांड्यांसाठी पुष्कळदा जुने गॅस सिलिंडर किंवा तेलाची पिंपं वापरतात. रिकामं दिसणाऱ्या पिंपातही वाफ राहिलेली असते, आणि त्यावर वेल्डिंगची ठिणगी म्हणजे स्फोट. नवा पत्रा वळवून घेणं महाग वाटलं तरी तेच करावं.

गोठलेल्या तळ्यावर जायचं असेल तर नळकांड्यांत आडवे पडदे घालून कप्पे करावेत किंवा आत फोम भरावा, म्हणजे एखादं भोक पडलं तरी गाडी बुडत नाही. आणि तरंगते म्हणून मुद्दाम पातळ बर्फावर नेऊ नये. तरंगणं हे वाचण्यासाठी आहे, सहलीसाठी नाही. शून्याजवळच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच मिनिटांत निकामी होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे हे आटे. ते उघडे फिरतात आणि कपड्याचं टोक सापडलं तर सोडत नाहीत. वरून लोखंडी आच्छादन हवंच. चालकाच्या मनगटाला दोरी बांधावी, तो पडला की दोरी सुटून इंजिन बंद पडलं पाहिजे. अडकलेलं हिम काढायचं ते इंजिन बंद करूनच.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*पट्ट्याची स्नोमोबाईल जिंकली, मग हौशी लोक अजून मळसूत्र का बांधतात?*

कारण पट्टा घरी बनवणं अवघड आहे. त्याला रबर, दातेरी चाकं, ताण राखणारी रचना असं पुष्कळ काही लागतं. मळसूत्राला दोन नळकांडी आणि पत्रा पुरतो. शिवाय तेच नळकांडं चालवतंही आणि तरंगवतंही. बांधायला सोपी आणि चालवायला खर्चिक, असं हे गणित आहे. रोजच्या ये-जा करण्याला ही गाडी घेऊ नये. पण जिथे हिम, दलदल आणि पाणी एकमेकांत मिसळलेलं असतं, तिथे तिला तोड नाही.

*आपल्याकडे कोकणात भाताच्या खाचरात चालेल का?*

चिखलासाठी हा प्रयोग झालेला आहे. १९६० च्या दशकात क्रायस्लरने अमेरिकी नौदलासाठी दलदलीत चालणारं असं वाहन बनवलं होतं. नेदरलँड्समध्ये उपसलेल्या गाळाच्या मैदानांवर मळसूत्राची यंत्रं फिरवून चर पाडतात, म्हणजे पाणी निथळतं आणि गाळ लवकर सुकतो. पण खाचरात दर थोड्या अंतरावर बांध येतो, बांधात दगड येतो. तिथे पॉवर टिलरच बरा.

*घरी मुलांना दाखवता येईल का?*

नक्की. दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. एकीवर सुतळी उजवीकडून आणि दुसरीवर डावीकडून वळसे देत चिकटवा. दोन्ही शेजारी शेजारी, सैल फिरतील अशा, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवा. परातीत रवा पसरून त्यात चौकट ठेवा आणि बाटल्या उलटसुलट फिरवा. चौकट पुढे सरकेल. मग रवा थोडा ओला करून पाहा, नंतर कोरडी परात घ्या. बाटल्या त्याच, हात तोच, पण कुठे सरकेल, कुठे नुसती फिरेल आणि कुठे आडवी पळेल. नट बदलला की बोल्टचं काय होतं, ते मुलांना लगेच कळेल.